डोळ्यांदेखत कापलेली कोंबडी

रविवारी सकाळी साडेनऊला कोपऱ्यावरच्या चिकनच्या दुकानात गेलं की तासभर मोडतो. पुढे सात-आठ जण असतात. कुणाला करी कट, कुणाला बोनलेस, कुणाला कलेजी-पेटा वेगळा बांधून हवा. दुकानदार पिंजऱ्यात हात घालतो, पांढरी बॉयलर तंगड्या धरून उलटी बाहेर काढतो आणि काट्यावर टाकतो. ‘‘दोन दोनशे भरली. चालेल?’’ चालेल म्हटलं की सुरी फिरते आणि कोंबडी निळ्या पिंपात जाते. आतून मिनिटभर धडधड ऐकू येते. तिच्याआधी त्या पिंपात गेलेल्या चार-पाच जणींचं रक्त, पिसं आणि विष्ठा तळाशी तशीच असते. मग पोऱ्या तिला बाहेर काढतो, पिसांसकट कातडं ओढून काढतो, पोट फाडून आतडी बाजूला भिरकावतो आणि उरलेला देह बादलीत बुचकळतो. मग लाकडी ठोकळा, कोयता, काळी पिशवी. पुढचा कोण?

त्या बादलीकडे मी गेले काही महिने मुद्दाम बघतोय. आठ वाजता पाणी नितळ असतं. साडेनवाला गुलाबी होतं. अकराला गेलात तर रंगाला नाव देता येत नाही. गर्दी जितकी जास्त तितकं पाणी बदलायला वेळ कमी, आणि गटारी अमावस्येच्या आधीच्या रविवारी तर बादलीकडे बघूच नये.

एवढं सगळं समोर दिसत असूनही रांगेतल्या कुणालाही विचारा, तो हेच सांगेल की इथलं चिकन एक नंबर, आपल्या डोळ्यांदेखत कापून देतात. आपल्या बाजारात याहून मोठं प्रशस्तिपत्र नाही. मॉलमधलं पाकिटातलं चिकन कधीचं कोण जाणे. हे मात्र आत्ता जिवंत होतं, मान टाकलेली नव्हती, डोळे तरतरीत होते. मीही वर्षानुवर्षं हेच म्हणत आलो. आता माझं मत बदललंय. डोळ्यांदेखत कापण्यावरचा हा विश्वासच आपल्याला महाग पडतोय, कारण त्याच्यामुळे दुकानाकडून, पालिकेकडून, सरकारकडून जे मागायला हवं ते आपण कधी मागितलंच नाही.

ताजेपणाला काहीच अर्थ नाही, असं मात्र मी म्हणणार नाही. कोंबडीच्या मांसातून माणसाला होणाऱ्या आजारात दोन जंतूंची नावं पुन्हा पुन्हा येतात, साल्मोनेला आणि कॅम्पायलोबॅक्टर. साल्मोनेलाचा सॅमन माशाशी काही संबंध नाही. डॅनियल साल्मन नावाचे एक अमेरिकी पशुवैद्य होते, त्यांचं हे नाव. जंतू १८८५ मध्ये शोधला त्यांच्या हाताखालच्या थिओबाल्ड स्मिथनं, नाव लागलं साहेबांचं. हा साल्मोनेला उबेत भराभर वाढतो. मे महिन्यातल्या दुपारी चिकन तीन-चार तास ओट्यावर राहिलं तर त्यातल्या थोडक्या जंतूंची संख्या कित्येक पटींनी वाढते. तेव्हा तासाभरापूर्वी कापलेली कोंबडी घरी आणून लगेच चुलीवर चढवणारा माणूस साल्मोनेलाला वाढायला वेळ देत नाही, हे खरं. आपल्या आज्यांचा हिशेब इथपर्यंत चोख होता.

कॅम्पायलोबॅक्टरपुढे मात्र हा हिशेब चालत नाही. त्याला मांसावर वाढण्याची गरजच नसते. तो आधीच कोंबडीच्या आतड्यात पुरेसा वाढलेला असतो. कोंबडीच्या अंगाचं तापमान माणसापेक्षा जास्त, ४१-४२ अंश सेल्सिअस, आणि नेमकं तेच या जंतूच्या आवडीचं. त्याला ऑक्सिजन जेमतेम लागतो, आणि आतड्यात तो तसाच जेमतेम असतो. कोंबडीला याचा पत्ताही नसतो. ती खाते, वजन धरते, पिंजऱ्यात तरतरीत उभी राहते. माणसाला आजारी पाडायला असे काहीशे जंतू पुरतात. ते मांसावर येतात कधी? पिंपात तडफडताना, आतडं फाटताना, त्याच बादलीत बुडवताना. म्हणजे ज्या दहा मिनिटांच्या भरवशावर आपण ‘ताजं’ म्हणतो, नेमक्या त्याच दहा मिनिटांत.

यात पैशाचाही एक धागा आहे. कापण्याआधी कोंबडीला आठ-दहा तास खाद्य द्यायचं नाही, पाणी तेवढं द्यायचं, म्हणजे आतडी रिकामी राहतात आणि फाटली तरी घाण कमी पसरते. जगभरातल्या कत्तलखान्यांचा हा साधा नियम आहे. आपल्याकडे कोंबडी बहुतेक ठिकाणी जिवंत वजनावर विकली जाते. गळ्याच्या पिशवीतलं खाद्य म्हणजे काट्यावरचे ग्रॅम आणि गल्ल्यातले रुपये. शेडवरून टेम्पोत आणि टेम्पोतून पिंजऱ्यात आलेल्या पक्ष्याला दिवसभर उपाशी ठेवून दुकानदारानं वजन कशाला घटवावं? तो लबाड आहे असं नाही. विक्रीची पद्धतच अशी की भरलेल्या पोटाला भाव मिळतो, आणि ते भरलेलं पोट कोयत्याखाली येतं.

कॅम्पायलोबॅक्टर किती सर्वदूर पसरलाय, हे जगालाही फार उशिरा कळलं. १९७७ मध्ये इंग्लंडमधल्या वूस्टरचे डॉक्टर मार्टिन स्किरो यांनी तो प्रयोगशाळेत वाढवण्याची सोपी रीत दाखवली आणि जुलाबाच्या रुग्णांची विष्ठा तपासली. दर शंभरात सातांच्या आसपास रुग्णांत तो निघाला. तोवर हा जंतू म्हणजे दुर्मीळ भानगड समजली जायची. जंतू नवा नव्हता, त्याला बघायची रीत नवी होती. ४२ अंशांची ऊब, कमी ऑक्सिजन, खास माध्यम. एवढं जमवल्याशिवाय तो दिसतच नाही. आपल्याकडे जुलाबाच्या किती रुग्णांसाठी हे जमवलं जातं? दोन वर्षांपूर्वी माझी भाची चार दिवस जुलाबानं आडवी होती. तापही होता, रक्तही पडत होतं. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, ‘बाहेरचं काही खाल्लं का?’ तिनं मान डोलावली, आणि चिठ्ठीवर अँटिबायोटिक आलं. विष्ठा तपासायचा विषयही निघाला नाही. डॉक्टरांना मी दोष देत नाही. तपासणीचा खर्च आणि निकालाला लागणारे दिवस बघता नव्वद टक्के डॉक्टर हेच करतील. पण मग ‘आम्ही जन्मापासून खातोय, काही होत नाही’ हा दावा कशाच्या जोरावर करायचा? होतं, फक्त त्याची नोंद ‘बाहेरचं खाल्लं’ या खात्यावर पडते. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या अंदाजानुसार तिथे दरवर्षी साडेतेरा लाख लोकांना साल्मोनेलाची बाधा होते आणि सुमारे ४२० जण मरतात. ते लोक आपल्यापेक्षा घाणेरडे आहेत म्हणून हा आकडा मोठा नाही; त्यांनी मोजायला माणसं बसवली आहेत.

आपल्याकडे कॅम्पायलोबॅक्टरचं नाव घरोघर पोचलं ते २०२५ च्या जानेवारीत, आणि तेही वेगळ्याच दारातून. पुण्यात सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात, किरकटवाडी, नांदेड, धायरी भागात, माणसांच्या हातापायांतली ताकद जाऊ लागली. जीबीएस, म्हणजे गियाँ-बारे सिंड्रोम. रुग्णसंख्या दोनशेच्या पुढे गेली, अनेकांना व्हेंटिलेटरवर ठेवावं लागलं, काही जण दगावले. राष्ट्रीय विषाणू संस्थेच्या तपासणीत काही रुग्णांच्या विष्ठेत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी सापडला. या जंतूच्या आवरणातली साखरेची रचना आपल्या मज्जातंतूंवरच्या रेणूंशी मिळतीजुळती असते. शरीर जंतूवर हल्ला करायला निघतं आणि चुकून स्वतःच्याच मज्जातंतूंवर तुटून पडतं. सुमारे हजारात एका बाधिताला हे होतं. प्रमाण कमी वाटेल, पण हजारातला एक दिसला याचा अर्थ बाकीचे नऊशे नव्व्याण्णव जुलाब होऊन, गोळ्या खाऊन, कुठल्याही नोंदीत न येता कामावर रुजू झाले.

पुढे जे झालं ते फार आपल्या वळणाचं होतं. पाणी की चिकन, यावर वाद पेटला. बोट मुख्यतः दूषित पाण्याकडे होतं, नांदेड गावच्या विहिरीकडे. तो भाग २०२१ मध्ये महापालिकेत आला होता, पण पाण्याची व्यवस्था गावचीच राहिली होती. फेब्रुवारीत त्या वेळी उपमुख्यमंत्री असलेल्या अजित पवारांनी काही रुग्णांचा संबंध चिकन खाण्याशी असल्याचं सांगितलं. कोंबड्या मारायची गरज नाही, चिकन नीट शिजवून खा, असंही ते म्हणाले. झालं. एका बाजूनं पोल्ट्रीवाले उठले, चिकन निर्दोष आहे म्हणून. दुसऱ्या बाजूला घरोघरच्या व्हॉट्सअॅपवर ‘महिनाभर चिकन नको’ फिरू लागलं. पाण्याचा प्रश्न पाण्याच्या ठिकाणी मोठा आहेच. पण चिकनच्या दुकानाची बादली, तिच्याखालची गटार, गटारीतून नाला, नाल्याशेजारची विहीर ही सगळी एकाच उताराची गोष्ट आहे. पुण्यात नेमकं असंच झालं, असं माझं म्हणणं नाही. ‘पाणी की चिकन’ हा प्रश्न आपण नाणेफेकीसारखा सोडवायला गेलो, एवढंच मला दिसतं. एका बाजूचा निर्णय लागला की दुसरी बाजू सुटली!

कोंबडीच्या बाबतीत आपल्याला भीती वाटते ती वेगळ्याच गोष्टींची. २००६ च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला बर्ड फ्लू आला, देशातला पहिला. लाखो कोंबड्या मारून पुरल्या, राज्यभरात चिकनला गिऱ्हाईक उरलं नाही. मग पुढाऱ्यांनी कॅमेऱ्यासमोर तंगडी चावून दाखवली. २०२० मध्ये कोरोना कोंबडीतून येतो अशी अफवा उठली आणि शेडवरचा भाव इतका कोसळला की शेतकऱ्यांनी पक्षी फुकट वाटले. २०२१ च्या जानेवारीत परभणी जिल्ह्यातल्या मुरुंब्यात कोंबड्या मेल्या, पुन्हा तेच. कोंबड्या पटापट मरू लागल्या की आपण घाबरतो. ज्या जंतूमुळे कोंबडीचं पीसही वाकडं होत नाही त्याला घाबरायचं आपल्याला सुचत नाही. ‘निरोगी दिसणारी कोंबडी’ हीच आपली परीक्षा, आणि हे दोन्ही जंतू त्या परीक्षेत हटकून पास होतात.

आता ‘नीट शिजवा’ या सल्ल्याकडे येऊ. सल्ला खरा आहे. मांसाच्या आत ७४ अंशांपर्यंत उष्णता पोचली की हे दोन्ही जंतू मरतात. आपला रस्सा तर उकळून उकळून केलेला असतो. कोल्हापूरचा तांबडा असो, मालवणी असो की खानदेशी काळ्या मसाल्याचा, त्यात कॅम्पायलोबॅक्टर जगायची सोय नाही. इतकी घाण असूनही आपण टिकून आहोत यात या रश्श्याचा वाटा मोठा आहे, आणि त्याचं श्रेय घरातल्या बायकांना कुणी दिलेलं नाही. पण घोटाळा पातेल्यात होत नाही, तो पातेल्याच्या बाहेर होतो. पिशवी उघडली, चिकन सिंकमध्ये ओतलं, नळ सोडला, हळद-मीठ चोळून तीनदा खळखळून धुतलं. शिंतोडे ओट्यावर, शेजारच्या धुतलेल्या ताटांवर. तोच हात मिठाच्या बरणीत. त्याच विळीवर, वरवर पाणी मारून, जेवणाचा कांदा चिरला, लिंबाच्या फोडी केल्या. रस्सा चाळीस मिनिटं उकळला आणि पानात वाढताना शेजारी काय आलं? कच्चा कांदा आणि लिंबू.

अमेरिकेच्या कृषी खात्यानं २०१९ मध्ये याचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. लोकांना स्वयंपाकघरात चिकन आणि सॅलड करायला सांगितलं आणि नंतर जागोजागचे नमुने घेतले. ज्यांनी चिकन धुतलं त्यांच्यातल्या ६० टक्क्यांच्या सिंकमध्ये जंतू निघाले. सिंक घासल्यावरही १४ टक्क्यांच्या सिंकमध्ये राहिले. २६ टक्क्यांच्या सॅलडपर्यंत जंतू पोचले होते. इथवरचे आकडे सगळे सांगतात आणि ‘चिकन धुऊ नका’ म्हणून थांबतात. पुढचा आकडा मला जास्त बोलका वाटतो. ज्यांनी चिकन धुतलंच नाही त्यांच्यातल्याही ३१ टक्क्यांच्या सॅलडमध्ये चिकनवरचे जंतू गेले. हात धुण्यात कसर राहिली, एवढंच. म्हणजे प्रयोगासाठी बोलावलेल्या, सांगून-सवरून उभ्या केलेल्या माणसांनाही हे जमलं नाही. आणि आपण अपेक्षा करतो ती वन रूम किचनमधल्या, एका नळावर भांडी, भाजी, मासे, मूल सगळं धुणाऱ्या बाईकडून. तिला म्हणायचं, चिकन न धुता पातेल्यात टाक. त्या बादलीतून आलेलं चिकन! ती धुणारच. तिच्या जागी मीही धुईन. दुकानावर विश्वास नाही म्हणून घरात धुतात, आणि घरात धुतलं की जंतू पसरतात. हा फेरा स्वयंपाकघरातून तुटणार नाही.

शिवाय चिकन खायच्या तऱ्हाच बदलल्यात. रश्श्याचं राज्य गेलं. कोळशावरची तंगडी बाहेरून काळी आणि हाडाजवळ गुलाबी असते. शोरमाच्या उभ्या सळईला वरचा थर भाजतो, आतला कोमट राहतो, गिऱ्हाईक आलं की मामा कापून देतो, सोबत कच्च्या अंड्याचं मेयोनीज. केरळात कासरगोड जिल्ह्यात २०२२ मध्ये शोरमा खाऊन १६ वर्षांची मुलगी गेली. तपासात ‘शिगेला’ नावाचा आणखी एक जंतू निघाला. मुंबईत ट्रॉम्बे-मानखुर्द भागात २०२४ च्या मे महिन्यात रस्त्यावरचा शोरमा खाऊन १९ वर्षांचा मुलगा गेला. केरळनं २०२३ मध्ये कच्च्या अंड्याच्या मेयोनीजवर बंदी आणली, तेलंगणानं २०२४ मध्ये. आपल्याकडे गाडीवाल्याला अटक झाली आणि विषय मिटला. त्या गाडीवर चिकन कुठून आलं, किती तास कुठे पडून होतं, हे शोधत मागे जायला यंत्रणा लागते. अटकेला एक हवालदार पुरतो.

मग पाकिटातलं चिकन घ्यावं का? ब्रिटनचं उदाहरण बघा. तिथे डोळ्यांदेखत कुणी कापत नाही. सगळं कारखान्यातलं, थंड, सीलबंद. तरी तिथल्या अन्न मानक संस्थेनं २०१४-१५ मध्ये वर्षभर दुकानांतल्या चार हजारांवर कोंबड्या तपासल्या तेव्हा ७३ टक्क्यांवर कॅम्पायलोबॅक्टर सापडला आणि १९ टक्क्यांवर तो अतिशय जास्त प्रमाणात होता. झाकपाक दिसली की स्वच्छता आली, असं मानणाऱ्यांनी हा आकडा खिशात ठेवावा. पण त्या संस्थेनं पुढे केलेली गोष्ट मला आपल्यासाठी मोलाची वाटते. तिनं आकडे दुकानांच्या नावांनिशी छापले. कुठल्या साखळीच्या किती टक्के कोंबड्या खराब, सगळं जाहीर. व्यापाऱ्यांना ते झोंबलं. बंदी नाही, दंड नाही, छापे नाहीत. नुसतं नाव आणि त्यापुढे आकडा. दोनेक वर्षांत जास्त जंतू असलेल्या कोंबड्यांचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं. जंतू जिथे जास्त असतात ती मानेची कातडी कारखानदार जास्त कापायला लागले, गळणार नाहीत अशी पाकिटं आली, शेडच्या दारात बूट बदलायची शिस्त लागली.

स्वीडन याहून मागे, शेडपर्यंत गेला. १९५३ मध्ये अल्वेस्टा गावच्या कत्तलखान्यातून साल्मोनेला पसरला, नऊ हजारांच्या आसपास लोक आजारी पडले, नव्वदच्या आसपास मेले. त्यानंतर त्यांनी खाद्यापासून तपासणी सुरू केली. ज्या शेडमध्ये साल्मोनेला निघेल ती रिकामी करायची, धुवायची, मगच नवी पिल्लं. आज तिथल्या कोंबडीत साल्मोनेला क्वचितच सापडतो. कोंबडी आहे म्हणजे साल्मोनेला असणारच, हे सृष्टीचं विधान नाही, एवढं यातून सिद्ध होतं. उलट अमेरिका बघा. कच्च्या चिकनमधल्या साल्मोनेलाला मर्यादा घालायचा मसुदा तिथल्या कृषी खात्यानं २०२४ मध्ये काढला आणि सरकार बदलल्यावर २०२५ मध्ये मागे घेतला. श्रीमंती आणि विज्ञान असून भागत नाही. उद्योगाची कुरकुर सोसायची तयारीही लागते.

आपल्याकडे नियम नाहीत का? आहेत. अन्नसुरक्षा कायदा २००६ चा, परवान्याचे नियम २०११ चे. त्यात दिवसाला ५० पर्यंत पक्षी कापणारा छोटा व्यावसायिक नुसत्या नोंदणीवर धंदा करू शकतो, त्यापुढे रीतसर परवाना लागतो. कोपऱ्यावरचा आमचा दुकानदार रविवारी न्याहारीच्या आत ५० पार करतो. पिण्यायोग्य पाणी, सांडपाण्याची सोय, धुता येणारी जागा, थंड ठेवायची व्यवस्था, सगळं नियमांत लिहिलेलं आहे. मांसाच्या नमुन्यांत जंतू मोजायचे निकषही आहेत. पण माझ्या प्रभागातल्या वीस दुकानांचे नमुने गेल्या वर्षी कुणी घेतले का, घेतले असतील तर काय निघालं, हे मला कुठल्याही फलकावर वाचायला मिळत नाही. नळाच्या पाण्याची तपासणी निदान वादाचा विषय तरी होते. चिकनची तेवढीही होत नाही. २०२२-२३ च्या सरकारी आकडेवारीत देशातल्या मांसाच्या उत्पादनात निम्म्याहून जास्त वाटा कोंबडीचा आहे, आणि महाराष्ट्र उत्पादनात पहिल्या काही राज्यांत आहे. एवढ्या मोठ्या खाण्याचा हिशेब आपण डोळ्यांवर सोडलाय.

इथे एक सावधगिरी बाळगायला हवी. चिकनच्या दुकानांच्या घाणीबद्दल आपल्याकडे बोललं की लगेच ‘बंद करा’ हा सूर निघतो, आणि त्यातल्या बऱ्याच जणांना जंतूंशी देणंघेणं नसतं. गुजरातेत २०२३ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशावरून मांसाची दुकानं बंद झाली आणि कोंबडी हा कायद्याच्या भाषेत ‘प्राणी’ आहे का, तिला कत्तलखान्यातच कापायला हवं का, यावर वकिलांनी कीस पाडला. आपल्याकडे २०२५ च्या स्वातंत्र्यदिनी कल्याण-डोंबिवलीसह काही महापालिकांनी मांसविक्री बंदीचे आदेश काढले आणि कोण काय खातो यावर चार दिवस धुरळा उडाला. म्हणजे दुकानांची यादी पालिकेकडे असते, नोटीस वेळेवर पोचवायची यंत्रणा असते, अंमलबजावणीला माणसं असतात. ती वापरली जाते दुकान बंद ठेवायला. उघडं असलेल्या दिवशी तिथे पाणी कसलं आहे, हे बघायला मात्र कुणी जात नाही. शटर पाडल्यानं साल्मोनेला जात नाही. धंदा मागच्या बोळात जातो, जिथे नळही नसतो.

माझी मागणी छोटी आहे आणि म्हणूनच ती टाळायला जड जावी. दुकानात वाहतं पाणी. पिंपाऐवजी पत्र्याचे नरसाळे, ज्यात कोंबडी उलटी अडकवली की रक्त निथळतं आणि ती दुसऱ्यांच्या घाणीत लोळत नाही. ते फार महाग नसतात. आतडी काढायची जागा वेगळी, तुकडे करायची वेगळी. लाकडाच्या ठोकळ्याला रामराम, त्याच्या भेगांतलं काही केल्या धुतलं जात नाही. आणि या सगळ्याच्या वर, दर महिन्याला प्रभागातल्या काही दुकानांचे नमुने उचलून निकाल वॉर्ड ऑफिसच्या फलकावर लावायचे. पहिल्या महिन्यात आकडे भयंकर येतील, गोंगाट होईल, पोल्ट्रीवाले म्हणतील धंदा बुडवला. नवापुरानंतर धंदा उभा राहिला, कोरोनानंतर राहिला, यातूनही राहील. किलोमागे काही रुपये वाढतील हे कबूल करायलाच हवं. मटण हाताबाहेर गेल्यापासून गरिबाच्या ताटातलं मांस म्हणजे चिकनच, तेव्हा तो भार दुकानदार आणि गिऱ्हाईक यांच्यावर ढकलून मोकळं होता येणार नाही. नळ आणि गटार ही पालिकेची कामं आहेत, ती दुकानदाराच्या खिशातून व्हायची नाहीत.

शेडवरच्या अँटिबायोटिकचा विषय स्वतंत्र लेखाचा आहे. एवढंच सांगतो की माणसासाठी शेवटचा उपाय म्हणून राखलेलं कोलिस्टिन आपल्याकडे कोंबड्यांचं वजन वाढवायला दिलं जात होतं आणि त्यावर बंदी यायला २०१९ उजाडलं. भाचीच्या चिठ्ठीवर आलेल्या गोळ्या उद्या चालतील की नाही, याचा निर्णय काही प्रमाणात शेडमध्येच होत असतो.

मागच्या रविवारी गर्दी ओसरल्यावर मी दुकानदाराला विचारलं, बर्फ का ठेवत नाही? कापून ठेवलेलं दुपारपर्यंत तसंच टांगलेलं असतं. तो हसला. ‘‘बर्फावर ठेवलं की गिऱ्हाईक हात लावतं आणि म्हणतं, गार लागतंय, शिळं आहे. तुम्हीच म्हणाल.’’ खरं होतं, मी म्हटलंच असतं. मग बादलीचं विचारलं. त्यानं भिंतीवरच्या, देवाच्या फोटोशेजारी फ्रेम करून लावलेल्या नोंदणीकडे बोट दाखवलं, मग मागच्या बाजूला, जिथे रस्त्यापलीकडच्या सार्वजनिक नळावरून भरून आणलेले तीन कॅन होते. ‘‘बंद ठेवायची नोटीस दरसाल येते, साहेब. नळाचा अर्ज टाकून चार वर्षं झाली.’’ पोऱ्यानं तेवढ्यात बादली उचलली, दारातल्या गटारीत उलटी केली आणि एका कॅनमधून अर्धी भरून घेतली.